सरड्याचं कुंपण

परभणी जिल्ह्यात कुणाच्या मनात शॅमेलिऑन पाळायचं आलं, तर त्याच्यापुढे दोन प्राणी असतात. एक इथलाच. बांधावरच्या बोरीत, ओढ्याकाठच्या करंजात, माळावरच्या बाभळीत राहणारा, पोपटी अंगाचा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा, डुलत डुलत एकेक पाऊल टाकणारा. १७६८ साली लॉरेंटी या अभ्यासकाने त्याला कॅमेलिओ झेलॅनिकस हे शास्त्रीय नाव दिलं. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक प्रजाती आहेत, त्यातल्या जवळपास निम्म्या एकट्या मादागास्करात. आपल्या वाट्याला आलेली ही एक. दुसरा प्राणी येमेनच्या डोंगरांतला, डोक्यावर उंच तुरा असलेला व्हेल्ड शॅमेलिऑन. मोबाइलवर ज्याचे व्हिडिओ पोरं पुन्हा पुन्हा बघतात तो बहुतेक वेळा हाच. पहिल्याला पाळणं गुन्हा आहे. दुसऱ्याला पाळणं कायद्यात बसवता येतं. पण त्याला लागणारं घर परभणीच्या उन्हाळ्यात टिकतं का, हा खरा प्रश्न आहे.

माझा पुतण्या परभणीत कृषी शाखेत शिकतो. त्याने वहीच्या पानावर पिंजऱ्याचा आराखडा काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, “काका, वेल्डिंगवाल्याशी बोललोय. फक्त तुम्ही बाबांना सांगा.” आराखडा चांगला होता. जाळी, फांद्या, दिवा, पाण्याची सोय, सगळं जागच्या जागी. हसण्यावारी नेण्यासारखा तो नव्हताच. मग आम्ही दोघांनीही तो मनावर घेतला. वाचलं, जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, रेशीम शेतकऱ्यांच्या शेडमध्ये जाऊन आलो, जिंतूरकडच्या शेतांतून रात्री बॅटरी घेऊन हिंडलो.

आधी कायद्याचं सांगतो, कारण खेड्यापाड्यांत याबद्दल फार गैरसमज आहे. बांधावरचा सरडा आपल्या शेतातला, म्हणजे आपला, असं लोक धरून चालतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्या कायद्याने भारतीय शॅमेलिऑनला संरक्षण दिलेलं आहे, आणि या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, सापळा लावणं, सरपटणाऱ्या प्राण्याची अंडी फोडणं किंवा हलवणं, हे सगळं शिकारीतच येतं. चार दिवस बरणीत ठेवून सोडून देऊ, ही सवलत कायद्यात कुठेही नाही.

परदेशी शॅमेलिऑनची गोष्ट वेगळी. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणारा साइट्स हा करार १९७३ चा. भारत त्यात १९७६ मध्ये सामील झाला. येमेनचा व्हेल्ड आणि मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन, दोघंही त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. म्हणजे व्यापाराला बंदी नाही, पण कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडता येत नाही. आपल्याकडे बरीच वर्षं मेख अशी होती की प्राणी एकदा देशात आला की त्याचा माग राहत नसे. २०२० च्या जूनमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अशा प्राण्यांची स्वेच्छेने नोंद करायची मुभा दिली. २०२२ मध्ये कायदाच दुरुस्त झाला, साइट्समधल्या प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत नोंदणीचे नियम निघाले. आता असा प्राणी नव्याने घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करायचा असतो. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली, तो मेला, तरी कळवायचं असतं. तेव्हा दुकानदार “कागदाचं काही टेन्शन घेऊ नका” म्हणाला, की तिथून उठावं. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत कोंबलेले सरपटणारे प्राणी मुंबई विमानतळावर कस्टमवाले वारंवार पकडतात. कागद नसलेला प्राणी बहुधा असल्याच वाटेने आलेला असतो, आणि त्याच्यासोबत निघालेले किती वाटेतच मेले याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

एवढ्याशा सरड्यासाठी एवढं काय, असं वाटेल. हवाईतली हकिकत सांगतो. १९७२ साली ओआहू बेटावरच्या एका पाळीव प्राण्यांच्या दुकानदाराने आफ्रिकेतले तीन शिंगांचे जॅक्सन शॅमेलिऑन मागवले, काही डझन. प्रवासाने ते वाळलेले, थकलेले होते. जरा तरतरीत व्हावेत म्हणून त्याने ते आपल्या बागेत सोडले. ते तरतरीत झाले आणि बागेतून निघून गेले. आज हवाईच्या बेटांवर त्यांची रानटी वस्ती आहे आणि ते तिथले, फक्त तिथेच सापडणारे कीटक आणि गोगलगायी खातात. व्हेल्ड शॅमेलिऑनही असाच फ्लोरिडात पसरला आहे. त्या दुकानदाराच्या मनात वाईट काहीच नव्हतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. प्राण्यावर माया असलेल्या माणसाच्या हातूनच हे झालं.

आता पिंजरा. पुतण्याच्या आराखड्यात पहिली गोष्ट बरोबर होती: काचेची पेटी नको, जाळी हवी. मोठ्या नराला किमान दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच एवढी जागा लागते, आणि त्यात उंचीला सगळ्यात जास्त महत्त्व. शॅमेलिऑन झाडावरचा प्राणी; वरून खाली बघता आलं की त्याला सुरक्षित वाटतं. पिंजरा जमिनीवर ठेवला आणि माणसं वरून वाकून बघू लागली, तर तो सतत घारीच्या सावलीत असल्यासारखा जगतो. म्हणून पिंजरा स्टँडवर हवा, वरची फांदी आपल्या डोळ्यांच्या वर हवी, आणि मागची एक बाजू भिंतीला टेकलेली हवी. जाळी ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकचा लेप दिलेली. कोंबड्यांच्या खुराड्याची जस्ताची खरखरीत जाळी वेल्डिंगवाला स्वस्तात लावून देतो, पण तिच्यात नखं अडकतात, पाय सोलतात.

फांद्या वेगवेगळ्या जाडीच्या आणि आडव्या-तिरप्या. शॅमेलिऑनच्या पायाची बोटं दोन आणि तीन अशी दोन जुडग्यांत वाटलेली असतात आणि समोरासमोर मिटतात. पकड घट्ट बसते, पण गुळगुळीत पाइपवर ती निसटते. बोरीच्या, करंजाच्या वाळलेल्या फांद्या काटे काढून, धुऊन, उन्हात तापवून वापरता येतात. झाडं जिवंत हवीत: जास्वंद, मनीप्लँट, वडाच्या कुळातला बेंजामिना. कुंड्यांना रासायनिक खत नको, आणि नर्सरीतून आणलेल्या झाडावर कीटकनाशक मारलेलं असतं असं धरूनच चालायचं. पानं धुवायची, वरची माती बदलायची, काही आठवडे बाहेर ठेवायचं. व्हेल्ड शॅमेलिऑन पानंही खातो, त्यामुळे यात कसूर चालत नाही. झाडाझुडपांत लपायला जागा नसली तर तो आजारी पडतो. “मग तो दिसणार कसा?” असं पुतण्याने विचारलं. दिसला नाही तर नाही. हा बघण्याचा प्राणी आहे, तोही त्याच्या मर्जीने. हातात घेऊन खेळवण्याचा तर नाहीच. एका पिंजऱ्यात एकच ठेवायचा. जोडी केली की दोघंही झुरतात.

दिव्याचं प्रकरण जास्त नाजूक आहे. शॅमेलिऑनला ऊब लागते आणि यूव्हीबी नावाचे अतिनील किरण लागतात, या दोन वेगळ्या गरजा आहेत. उबेसाठी साधा दिवा चालतो. दिव्याखालच्या फांदीवर २९-३० अंश, पिंजऱ्याच्या खालच्या भागात २३-२४, आणि रात्री त्याहून थंड. त्याला हवी ती जागा त्याने निवडावी. यूव्हीबीसाठी मात्र खास नळी लागते, टी-५ प्रकारची, पिंजऱ्याच्या छतावर. तिचा उजेड वर्षभरानंतरही दिसतो, पण कामाचे किरण तोवर उतरलेले असतात, म्हणून ती बदलावी लागते. हे किरण कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार करतात आणि त्याशिवाय कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही. किरण मिळाले नाहीत की पिल्लाची हाडं मऊ पडतात, पाय धनुष्यात वाकतात, जबडा लिबलिबीत होतो, जीभ फेकता येत नाही. पहिल्यांदाच पाळणाऱ्यांकडचे शॅमेलिऑन ज्या कारणांनी मरतात त्यात हे कारण फार वर आहे. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी २००९ मध्ये पँथर शॅमेलिऑनवर केलेला एक प्रयोग मला विलक्षण वाटतो. ज्यांच्या खाण्यात ड-३ कमी होतं ते आपण होऊन अतिनील किरणांत जास्त वेळ बसू लागले, आणि ज्यांना खाण्यातून पुरेसं मिळत होतं ते कमी बसले. म्हणजे आपल्याला काय कमी पडतंय हे त्या जिवाला आतून कळतं. त्याला निवड करता येईल असं ऊन आणि अशी सावली द्यायची, एवढंच आपल्या हाती. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यात धरायचं नाही. काच हे किरण अडवते.

पाण्याच्या बाबतीत आराखड्यात वाटी होती. ती काढली. शॅमेलिऑन साचलेलं पाणी सहसा ओळखतच नाही. पानावर लकाकणारा, ओघळणारा थेंब तो चाटतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ फवारा आणि दिवसा काही वेळ थेंब थेंब गळती. पुतण्या शेतकऱ्याचा पोरगा. म्हणाला, ठिबकचा ड्रिपर लावू. ठिबकचा ड्रिपर तासाला दोन-चार लिटर पाणी सोडतो, त्यात पिंजऱ्याचं तळं होईल. सलाइनची नळी बरी. तिच्या चाकाने सेकंदाला एक थेंब असा वेग धरला, तर तासाला १८०-२०० मिलिलिटर पाणी पडतं. तेही खाली साचू द्यायचं नाही. तळाला ट्रे आणि निचरा हवा, नाहीतर बुरशी धरते. आणि इथे परभणीचा पहिला खरा अडथळा येतो. बोअरचं पाणी क्षाराचं. फवाऱ्याचं तोंड महिनाभरात पांढरं होऊन बुजतं, पानांवर डाग पडतात. मग जारचं पाणी आणा. पाळलेला प्राणी तहानलेला आहे हे त्याच्या विष्ठेवरून कळतं. तिच्यातला युरेटचा भाग पांढरा असावा; पिवळा-नारिंगी झाला, डोळे खोल गेले, की समजायचं.

खाणं जिवंत कीटकांचं. रातकिडे, झुरळांच्या पाळीव जाती, अळ्या. भक्ष्य शॅमेलिऑनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठं नको. कीटकांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी असतं, म्हणून त्यांना आधी हिरवा पाला खाऊ घालायचा (शेवग्याचा पाला यासाठी उत्तम) आणि वाढताना वरून कॅल्शियमची भुकटी लावायची. शेतातून टोळ धरून आणू, हा विचार परभणीत अजिबात करू नये. सोयाबीन आणि कापसावर इमामेक्टिनसारखी औषधं किती वेळा मारली जातात हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. एका टोळातलं विष एवढ्याशा जिवाला पुरेसं असतं.

खाण्याचा विषय निघाला तेव्हा रेशमाची आठवण झाली. रेशमाच्या अळ्या मऊ आणि पाणीदार. शॅमेलिऑन पाळणाऱ्यांत त्यांना मोठा मान आहे. आणि आपल्याकडे तर तुती आहे, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात रेशीम संशोधन योजना आहे. पुतण्याच्या मित्राच्या घरी कोषांची शेती होती, तिथे गेलो. त्या शेडमध्ये मला शॅमेलिऑनच्या पिंजऱ्याबद्दल जे कळलं ते वाचनातून कळलेलं नव्हतं.

पत्र्याच्या शेडला आतून हिरवी जाळी, उझी माशी शिरू नये म्हणून दाराला दुहेरी पडदा. रॅकवर तुतीच्या फांद्या आणि त्यांवर शेवटच्या अवस्थेतल्या, बोटाएवढ्या, पांढऱ्याफटक अळ्या. शेकडो जबडे एकदम पानं कुरतडत होते, त्याचा आवाज शेडभर भरलेला. मित्राची आई रॅकच्या टोकाला टांगलेल्या मीटरकडे बघत होती. तिथे तापमान आणि आर्द्रता, दोन्ही दिसतात. चॉकीच्या कोवळ्या अळ्यांना २७-२८ अंश आणि दमट हवा, मोठ्या अळ्यांना २४-२५ आणि जरा कोरडी. भिंतींना ओलं बारदान, कोपऱ्यात कुलर, पत्र्यावर उसाचं पाचट. “वैनी, मे महिन्यात कसं करता?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, “मे मदी बॅचच धरत न्हाई. जीव हाय तो. आपल्याला घाम पुसता येतोय, त्यास्नी येत न्हाई.”

ज्यांचा प्रपंच या अळ्यांवर चालतो, ज्यांच्याकडे शेड, कुलर, मीटर आणि वर्षानुवर्षांचा हात आहे, त्या बाई मे महिन्यात हात आखडता घेतात. कारण परभणीचा उन्हाळा ४२-४४ अंशांवर जातो आणि रात्रीही भिंती तापलेल्या राहतात. अळीची बॅच महिन्याभरात संपते, ती वगळता येते. पाळलेला शॅमेलिऑन पाच-सात वर्षं जगतो, त्याचा मे महिना वगळता येत नाही. त्याच्या दृष्टीने दिवसाची ऊब ठीक, पण पिंजरा ३५ च्या वर गेला की जिवाला धोका. रात्री गारवा हवा, दमटपणा हवा. तेव्हा वातानुकूलित खोली आली, ती चोवीस तास चालवणं आलं, वीज गेली तर इन्व्हर्टर आला, आणि एसी हवा कोरडी करतो म्हणून पुन्हा फवारा आला. उलट हिवाळ्यात परभणीचा पारा काही रात्री एक आकडी होतो. म्हणजे दोन्ही टोकांना सोय. लाखभर रुपयांचं गणित बाजूला ठेवलं तरी, सुट्टीत गावी गेलेल्या पोराच्या मागे हे कोण बघणार? आणि आजारी पडला तर? परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. लाल कंधारी गायीपासून शेळीपर्यंत हजारो जनावरांना त्याचा आधार आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांवर रोज हात बसलेला डॉक्टर मात्र पुण्या-मुंबईकडे शोधावा लागतो. मादी असेल तर नर नसतानाही तिच्या पोटात अंडी धरतात, आणि ती घालायला फूटभर खोल ओलसर माती मिळाली नाही तर अंडी आतच अडकून ती मरते. अशा रात्री परभणीहून पुण्याची ट्रॅव्हल्स पकडायची का?

मित्राच्या घरून परतताना पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, नको. त्याचे हाल होतील.” मला त्याचा फार अभिमान वाटला. आवडती गोष्ट न घेण्याचं कारण त्या गोष्टीच्या बाजूने शोधणं, हे मोठ्यांनाही सहसा जमत नाही.

पण मग आणखी एक कोडं उरलं, आणि ते त्यानेच घातलं. एवढी सगळी तंगडतोड करून जे पिंजऱ्यात जमत नाही, ते बांधावरच्या सरड्याला कसं जमतं? तोही याच ४४ अंशांत राहतो. त्याला कोण एसी लावतं?

याचं उत्तर शोधायला पावसाळा सरता सरता जिंतूरकडे गेलो. तिथला डोंगराळ भाग, माळ, ओढे आणि अजून शिल्लक असलेले रुंद बांध यांमुळे शॅमेलिऑन दिसण्याची आशा जास्त. शोधायची खरी वेळ रात्रीची. दिवसा तो पानांत इतका मिसळतो की हातभरावर असून दिसत नाही. रात्री झोपेत त्याचा रंग फिका, पिवळट पांढरा होतो आणि बॅटरीच्या झोतात तो गडद पाल्यावर उठून दिसतो. ज्यांच्या शेतात गेलो ते मामा सोबत होते. आधी म्हणाले, “कामून शोधता? इखारी असतंय ते.” हा समज मराठवाड्यात सगळीकडे आहे आणि त्यापायी कित्येक शॅमेलिऑन दगडांनी ठेचले जातात. त्याला विष नाही. दात बारीक, जबड्याच्या हाडालाच जोडलेले. हाताळलं तर फुगतो, काळपट पडतो, फुसफुसतो, फार तर चावतो, पण त्याने काही होत नाही.

सापडला तो बोरीच्या झाडावर, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, फांदीच्या अगदी टोकाला. शेपटी घट्ट गुंडाळलेली. टोकाला झोपण्यात शहाणपण आहे: साप आला तर फांदी हलते आणि जाग येते. आम्ही झोत लगेच बाजूला घेतला आणि उजाडायला परत आलो. कोवळ्या उन्हात त्याने अंग चपटं करून एक कूस सूर्याकडे धरली होती. ती कूस काळसर, दुसरी हिरवी. गडद रंग ऊब लवकर पितो. परिसराशी जुळवून घ्यायला तो रंग बदलतो असं आपण शाळेत शिकलो; खरं तर त्याच्या रंगावरून त्याची ऊब, भीती, राग आणि मादीच्या बाबतीत पोटातली अंडी कळतात. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये पँथर शॅमेलिऑनच्या कातडीत ग्वानिनच्या अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी दाखवून दिली. प्राणी निवांत असताना स्फटिक जवळजवळ असतात आणि निळी छटा परत पाठवतात. चिडला की त्यांच्यातलं अंतर वाढतं आणि रंग पिवळ्या-तांबड्याकडे सरकतो.

ऊन चढलं तसा तो फिकट झाला आणि आत, बोरीच्या गचपणात सरकला. तिथेच आम्ही एसी बघितला. पुतण्याने रेशीमवाल्यांसारखा एक साधा मीटर आणला होता. बांधाबाहेर उघड्या काळ्या रानात आणि गुळवेल चढलेल्या बोरीच्या गाभ्यात, दोन्हीकडे धरला. दोहोंतला फरक हाताच्या कातडीलाही कळत होता. पानं श्वासावाटे पाणी सोडतात, वेल ऊन अडवते, खालचं गवत माती ओली धरतं. पहाटे पानांवर दव पडतं, ते त्याचं पाणी. ऊन आणि सावली हातभर अंतरावर, म्हणजे निवड आली. तरवडाच्या आणि गवताच्या फुलांवर माश्या, टोळ, फुलपाखरं. तेवढ्यात एक माशी जवळच्या पानावर बसली. दोन्ही डोळे पहिल्यांदाच एका दिशेला वळले, तोंड किंचित उघडलं, आणि जीभ गेली-आली ती दिसलीच नाही. फक्त माशी नव्हती. शरीराच्या लांबीहून दूर जाणारी ही जीभ टोकाच्या घट्ट चिकट द्रवाने भक्ष्य धरते. त्या द्रवाचा घट्टपणा माणसाच्या लाळेच्या सुमारे ४०० पट असल्याचं २०१६ मध्ये मोजलं गेलं. मामा म्हणाले, “च्यायला, एवढ्या वर्साचं रान हाय माझं, हे असं कधी बगितलं न्हाई.”

बांधाच्या मुळाशी मऊ, भुसभुशीत माती होती. पावसाळ्यानंतर मादी झाडावरून उतरते, अशा मातीत बीळ करते, वीस-तीसपर्यंत अंडी घालते आणि माती लोटून निघून जाते. अंडी कित्येक महिने तशीच मातीत राहतात. म्हणजे उन्हाळ्याचा सगळा काळ तो वंश बांधाच्या पोटात असतो. वहीतल्या आराखड्यातली प्रत्येक गोष्ट इथे होती: उंची, फांद्या, ऊन, सावली, थेंबाचं पाणी, खाणं, अंड्यांची माती.

आणि हाच बांध जातो आहे. बांध कोरण्यावरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडणं होत आली, पण तेव्हा नांगराच्या तासाने इंच-दोन इंच जायचा. आता जेसीबी एका दुपारी सगळा सपाट करतो. जे बांध उरले त्यांच्यावर तणनाशक मारतात, उन्हाळ्यात पालापाचोळ्याबरोबर पेटवून देतात. बाभळी-बोरींच्या काट्यांची कुंपणं गेली, लोखंडी खांब, तारा आणि झटका मशीन आलं. रोही आणि रानडुकरांनी शेतकऱ्याला रडकुंडीला आणलं आहे, त्याला नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण तारेच्या कडेने झाडांची ओळ राहू शकते, आणि तिचा त्यालाही फायदा आहे. बांधावरचे शॅमेलिऑन, बेडूक, कोळी आणि खंड्या-कोतवालासारखे पक्षी जे कीटक खातात, त्यातले कितीतरी पिकाचेच शत्रू असतात.

पुतण्याने वहीचं नवं पान घेतलं आणि पिंजऱ्याऐवजी आमच्या बांधाचा नकाशा काढला. पावसाळ्याच्या तोंडाला लावायला बोर, करंज, निरगुडी, तरवड. बोरीवर चढायला गुळवेल. झाडं एकमेकांना भिडतील एवढी जवळ, कारण शॅमेलिऑनला जमिनीवर उतरायला आवडत नाही. फांदीवरून फांदीवर जाता आलं पाहिजे. दोन्ही बाजूंना चार-चार फुटांची पट्टी, जिथे फवारणी नाही आणि नांगरही नाही. उत्तरेकडची मोकळी माती अंड्यांसाठी; तिथे दगड-गोटे टाकायचे नाहीत. माझ्या भावाने आधी कुरकुर केली, तेवढं रान वाया जातं म्हणाला. मग करंजाच्या बिया आणि बोरं विकता येतील हे ऐकून, आणि थोडं पोराचं तोंड बघून, हो म्हणाला. तिथे शॅमेलिऑन आणून सोडायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवलं. शेजारच्या ओढ्यात असतील तर ते येतील. पकडून आणणं म्हणजे पुन्हा तोच गुन्हा, आणि ओळखीचं रान सुटलेला प्राणी नव्या जागी बहुधा टिकत नाही.

शेवटी रस्त्याचं. भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत शॅमेलिऑन सगळ्यात जास्त दिसतो तो डांबरावर, आणि त्याची डुलती चाल गाड्यांपुढे टिकत नाही. असा दिसला तर गाडी कडेला घेऊन आधी मागची वाहनं थांबवा. हाताने उचलू नका. एक काठी त्याच्या पुढच्या पायांजवळ आडवी धरा. तो आपण होऊन तिच्यावर चढतो. ज्या बाजूला त्याचं तोंड होतं त्याच बाजूच्या झुडपावर काठी टेकवा आणि तो उतरेपर्यंत थांबा. घरी, शाळेत, मोबाइलच्या फोटोंसाठी नेऊ नका. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा किंवा गावातल्या सर्पमित्राला बोलवा; तो येईपर्यंत भोकं पाडलेल्या खोक्यात, सावलीत, एका फांदीसह ठेवा. आणि रस्त्याच्या कडेला एखादी फुगीर पोटाची मादी माती उकरताना दिसली, तर तिला झाडावर ठेवण्याची घाई करू नका. ती अंडी घालायला उतरलेली असते. लांब उभे राहा, कुत्री आणि पोरं जवळ येऊ देऊ नका. काम संपायला तिला तासन्‌तास लागू शकतात.